पॅकहाऊसच्या दारातली रांगोळी

किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन ऋजुता घरामागच्या पायवाटेने आंबे भरायच्या पॅकहाऊसकडे आली आणि दारासमोरच थबकली.

काल संध्याकाळी तिने स्वतः उभं राहून धुऊन घेतलेला सिमेंटचा ओटा शेणाने सारवलेला होता. हिरवागार, ओला, पार कोपऱ्यांपर्यंत. त्यावर ठिपक्यांची रांगोळी, रांगोळीत कमळं, कमळांत हळदकुंकू. शटरवर झेंडूचं तोरण. उंबऱ्याशी फोडलेल्या नारळाचं पाणी अजून वाळलं नव्हतं. आणि लक्ष्मीची पांढरी पावलं उंबरा ओलांडून थेट आत, आंबे निवडायच्या स्टीलच्या टेबलापर्यंत गेली होती. टेबलावर समई तेवत होती.

आठल्यांच्या घरात फार आनंद झाला की माणसं आधी शेण शोधतात, हे ऋजुताला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. पण आज ऑडिट होतं.

"आलीस का गो?" आतून आवाज आला. मागोमाग मथुराकाकू बाहेर आल्या. पदर खोचलेला, कोपरांना शेण, बोटं रांगोळीने पांढरी, आणि तोंडावरचं हसू आवरता आवरत नव्हतं. "गौरवच्या खिशातली किल्ली घेतली हो मी. त्याला काही बोलू नकोस. म्हटलं, परकी बाई यायची तपासायला, आणि दार कसं ओकंबोकं!"

'हे धुवायला लागेल' असं काकूंना तोंडावर सांगणं ऋजुताला शक्यच नव्हतं.

कारण मथुराकाकू म्हणजे तिची चुलतसासू, बाळाकाकांची बायको, गौरवची आई, या आवारात कित्येक वर्षांत आलेली नव्हती. अण्णांनी, म्हणजे ऋजुताच्या सासऱ्यांनी, हे पॅकहाऊस दोन्ही भावांच्या सामाईक जागेत बांधलं, आणि धाकट्या भावाला सांगितलं ते पाया भरून झाल्यावर. बाळाकाका एवढंच म्हणाले, "चालू दे तुझं." त्यानंतर दोघांत एकही शब्द नाही. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही, काहीच नाही. वाटेत समोरासमोर आले तर एकजण आंब्याच्या कलमाकडे बघायचा आणि दुसरा आभाळाकडे. बाळाकाका आपला आंबा राजापूरच्या व्यापाऱ्याकडे नेऊ लागले. काकूंनीही सांगून टाकलं होतं, बोलावल्याशिवाय त्या अंगणात पाऊल टाकणार नाही. अण्णांचं म्हणणं, घरच्या माणसांना बोलावणं कसलं पाठवायचं? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून तर इतकी वर्षं गेली.

आणि आज त्या न बोलावता आल्या होत्या.

"छान झालंय काकू," ऋजुता म्हणाली. खोटं नव्हतं ते. रांगोळी खरंच देखणी होती. "तुम्ही घरात चला, हात धुवा, चहा टाकते."

"टाक. मी एवढं आंब्याचं डहाळं लावत्ये आणि आल्येच."

घराच्या मागच्या दारात उभं राहून ऋजुताने गौरवला फोन लावला. "तुझ्या आईने पॅकहाऊसला सडा घातलाय. शेणाचा."

पलीकडून, "आमच्या आईने? तिकडे जाऊन?"

"हो."

"अरे वा!" गौरव म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे बापरे."

*

आंबा परदेशी पाठवायचा तर आजवर प्रत्येक व्यापाऱ्याचा वेगळा तपासनीस यायचा. एकजण फवारणीच्या नोंदी बघायचा, दुसरा त्याच नोंदी पुन्हा बघायचा, तिसऱ्याला हात धुवायच्या जागी साबण आहे का ते बघायचं असायचं, चौथा तोच साबण पुन्हा बघायचा. ऐन हंगामात, आंबा झाडावर थांबायला तयार नसताना, दोन्ही घरांची माणसं बागा सोडून कागद दाखवत बसायची. ऋजुता आणि गौरव या दीर-भावजयीने मिळून व्यापाऱ्यांच्या पाठी लागून एक गोष्ट मान्य करून घेतली होती. दोन्ही घरांच्या बागा आणि हे पॅकहाऊस यांचा एकच गट, आणि गटाचं एकच ऑडिट, सगळ्यांना चालणारं. या वर्षी करून बघू, असं व्यापारी म्हणाले होते. गौरवने बाळाकाकांनाही तेवढ्यापुरतं तयार केलं होतं. जमलं नाही तर पुन्हा ज्याचं त्याने.

ज्याचं त्याने, म्हणजे बाळाकाका पुन्हा राजापूरला. ते एकदा गेले की परत यायचे नाहीत, हे ऋजुता जाणून होती. या एका ऑडिटसाठी ती इतकी जिवाचं रान करत होती ते निव्वळ आंब्यासाठी नव्हतं. तिला हे घर एक झालेलं बघायचं होतं. ती या घरात आली तेव्हापासून जेवणाच्या प्रत्येक पंगतीत कुणीतरी कमी असायचं, आणि त्याचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

उन्मेष, तिचा नवरा, हंगामभर वाशीच्या बाजारात. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "धुऊन टाक की." नवऱ्यांना लांबून सगळंच सोपं दिसतं.

*

अण्णा पूजा आटोपून, धोतराचा सोगा सावरत पॅकहाऊसकडे आले ते तक्रारीच्या तयारीतच. ऑडिटवालीला चहा चालत नाही, जेवण चालत नाही, असं सूनबाईने आदल्या दिवशी सांगितल्यापासून त्यांचं डोकं फिरलं होतं. दारात आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारायचं नाही म्हणजे काय!

ओट्यासमोर आले आणि तक्रार विसरले.

ही कमळं त्यांनी ओळखली. पाकळ्या मिटलेल्या, मधली एकच उमललेली. मथुरा लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवाळीत तिने अशीच काढली होती, आणि त्यांची आई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवत होती. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं, तर ऋजुता पाण्याचा पाइप उलगडत होती.

"काय करत्येस?"

"अण्णा, शेण आहे. जिथे आंबा भरतो त्या दारात. रांगोळीची भुकटी टेबलापर्यंत गेलीय. झेंडूच्या पाकळ्या पडतायत. असं ठेवलं तर ऑडिट दारातच संपेल."

"संपू दे."

"अण्णा!"

"याला कुणी हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. "ती आपणहून आलीय. मी बोलावलं नाही, तरी आलीय. आणि आपण काय करायचं, पाणी मारायचं? म्हणावं त्या बाईला, आमच्यात असंच असतं."

गंमत बघा. काल रात्रीपर्यंत 'मथुरेने घर फोडलंन्' म्हणणारे अण्णा आज मथुरेच्या बाजूने छाती काढून उभे होते, आणि घर जोडायला निघालेली सून एकटी पडली होती. ऋजुताने पाइप खाली ठेवला. सासऱ्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही तिला म्हणता येईना.

तेवढ्यात गौरवची मोटरसायकल आवाराच्या फाटकाशी आली. मागे बाळाकाका. बागायतदारांनी हजर राहायचं असा नियम होता म्हणून आलेले. उतरले, पण आत आले नाहीत. फाटकाबाहेर फणसाच्या सावलीला उभे राहून त्यांनी आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

*

"तू सांग," ऋजुता म्हणाली. क्रेटच्या चळतीआड तिने गौरवला गाठलं होतं.

"मी? वहिनी, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकते ती."

"पॅकहाऊसचा तपासनीस तू आहेस, गौरव."

हे खरं होतं. गटाचा नियमच तसा होता. बाहेरचं ऑडिट एकच करायचं, तर घरातल्या घरात एकमेकांवर लक्ष आपणच ठेवायचं. बाळाकाकांच्या बागा ऋजुताने तपासायच्या, अण्णांच्या बागा आणि पॅकहाऊस गौरवने. काही चुकलेलं दिसलं तर काम थांबवायचा अधिकार त्याचा, मग समोर कुणी का असेना. कागदावर लिहिताना गौरवला हे अगदी सोपं वाटलं होतं.

गौरव स्वभावाने गरीब. राजापूरचा व्यापारी भाव पाडून मागायचा तेव्हा हा 'बरं' म्हणायचा. आईने ताटात जास्त वाढलं तरी 'बरं' म्हणायचा. आता त्याने क्रेटआडून बघितलं. आई ओट्याच्या कडेला उभी होती, डहाळं नीट बसलंय का ते मान वाकडी करून बघत. तिला इतकं खुशीत त्याने फार दिवसांत बघितलं नव्हतं.

"जरा वेळाने सांगतो," तो म्हणाला.

पण जरा वेळ मिळालाच नाही. फाटकातून पांढरी गाडी आत आली आणि खांद्याला बॅग लावलेली एक तरुण मुलगी उतरली. अक्षया मॅडम. ऑडिट म्हणजे कुणी जाडजूड चष्म्याची बाई असणार अशी अण्णांची खात्री होती. ही तर त्यांची नात शोभेल एवढी.

अक्षयाने सगळ्यांना नमस्कार केला आणि मग तिचं लक्ष ओट्याकडे गेलं.

"हे काय आहे?"

"स्वागत," अण्णा म्हणाले.

"कुणाचं?"

"तुमचं. चहा चालत नाही म्हणे तुम्हाला. निदान हे तरी."

अक्षया क्षणभर गोंधळली. असं उत्तर तिच्या नियमांच्या पुस्तकात कुठे नसावं. मग तिने वही काढली. "आंबे आत आहेत?"

"नाहीत," ऋजुता म्हणाली. "आज बागेतून अजून यायचेत. आत फक्त रिकामे क्रेट आहेत." आणि न विचारता पुढेही म्हणाली, "रांगोळी आतही गेलीय. टेबलापर्यंत. दिवापण आहे."

अण्णांनी तिच्याकडे रागाने बघितलं. असल्या गोष्टी आपण होऊन सांगतात का!

"गटाचा तपासनीस कोण?" अक्षयाने विचारलं.

गौरव क्रेटआडून बाहेर आला. कान लाल झालेले. "मी."

"मग मी काही बोलण्याआधी तुम्ही सांगा. हे पॅकहाऊस आज काम सुरू करू शकतं का?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. अण्णा बघत होते, ऋजुता बघत होती. फाटकाबाहेरून बाळाकाकांनीही आभाळ सोडलं. आणि आई बघत होती. तिचं हसू अजून तसंच होतं, कारण प्रश्न कशाबद्दल चाललाय ते तिला उमगलंच नव्हतं.

"नाही," गौरव म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "नाही करू शकत. आई, हे धुवावं लागेल. ओटा, आतली रांगोळी, तोरण, सगळं. शेण चालत नाही इथे. मी थांबवतोय काम."

*

मथुराकाकूंना पहिल्यांदा फक्त 'धुवावं लागेल' एवढंच ऐकू आलं. मग बाकीचं हळूहळू पोचलं. हातातलं उरलेलं डहाळं त्यांनी खाली ठेवलं. पहाटेपासून वाकून कंबर भरून आली होती, ती आत्ता दुखायला लागली. बोलावलं नव्हतं तरी आले, आणि हे. इथे यायचंच नव्हतं आपण, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले.

"चल मथुरा," फाटकातून बाळाकाकांचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्या आवारात पडलेला त्यांचा पहिला शब्द. "झालं ना समाधान? चल घरी. गौरव, गाडी काढ. आपला आंबा आपण राजापूरला नेऊ."

"कोण जातो बघतो!" अण्णा म्हणाले. "ही रांगोळी राहील. ऑडिट गेलं उडत!"

आता ऑडिट जाणार, गट जाणार, बाळाकाका जाणार. ऋजुताने डोळे मिटून घेतले.

मथुराकाकूंनी मात्र पोराकडे बघितलं. गौरव जागचा हलला नव्हता. बापाने गाडी काढायला सांगितली तरी हलला नव्हता. मानही खाली नव्हती. आयुष्यभर 'बरं, बरं' करणारं त्यांचं पोर चारचौघांत, सख्ख्या आईला, मोठ्या काकांसमोर 'नाही' म्हणालं होतं. रागावायचं की पापा घ्यायचा हेच त्यांना कळेना.

"थांबा हो!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मेल्याने जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलंन्, आणि तुम्ही निघालात?"

"अगो, पण तो तुला..."

"मला काय ते मी बघत्ये." मग त्या अक्षयाकडे वळल्या. "बाई, शेणाने काय होतं गो आंब्याला? आम्ही जन्मभर सारवत आलो."

"जंतू असतात, आजी. इथला आंबा धुऊन थेट पेटीत जातो, आणि तिकडचं लहान मूल सालीसकट तोंडात घालतं."

"सालीसकट?" मथुराकाकूंना हे पटणंच शक्य नव्हतं. "शहाणी माणसं आहेत ना ती?" पण त्यांनी पदर पुन्हा खोचला. "बरं. लहान मुलाचा प्रश्न आहे तर राहिलं. खराटा कुठाय?"

"मथुरा, मी हात लावू देणार नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, रांगोळी माझी आहे." इतक्या वर्षांनी त्या थोरल्या दिरांशी सरळ बोलल्या. "ठेवायची की पुसायची ते मी ठरवेन. तुम्हाला एवढं वाटतंय तर पाइप धरा."

अण्णांनी पाइप धरला. दुसरं काय करणार. ऋजुताने आत जाऊन समई विझवली, टेबल पुसायला घेतलं. गौरवने तोरण उतरवलं. अक्षया मोबाइलवर फोटो काढत होती, आधीचा, आणि मग धुण्याचा. अण्णांनी नळ सोडला. कमळं विरघळली, हिरवं पाणी ओट्यावरून वाहायला लागलं, पण फाटकाकडे जायच्या ऐवजी गोल फिरून पुन्हा दाराशीच साचलं. अण्णांनी आणखी जोरात पाणी मारलं. आणखी साचलं.

बाळाकाकांनी हे बराच वेळ सोसलं. मग त्यांना राहवेना. फाटक ढकलून ते तरातरा आत आले.

"दादा, तिकडनं नव्हे! दाराच्या बाजूनं मार, बाहेर लोटत!"

"मला शिकवू नकोस. ओटा मी बांधलाय."

"बांधलायस ना! उतार बघ जरा उतार! पाणी दारात येतंय!"

"उतार बरोबर आहे."

"बरोबर? मला विचारलं असतंस तर गवंड्याला उभा करून कान धरून सांगितलं असतं, की उतार चिकूच्या बाजूला दे. पण विचारलंस कुठे तू? विचारलंस कुठे?"

अण्णांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. तो बाळाकाकांच्या विजारीवर वाहत होता, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तू तरी बोललास का?" अण्णा ओरडले. "'चालू दे तुझं' म्हणे! असं कोण बोलतं सख्ख्या भावाशी? शिव्या द्यायच्या होत्यास!"

"आता देतो!"

"दे!"

आणि दोघं भांडले. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं भांडले. उतारावरून सुरू झालं ते विहिरीच्या पंपावर गेलं, पंपावरून आईच्या आजारपणावर, तिथून लहानपणी कुणी कुणाचा भोवरा फोडला त्यावर. भांडता भांडता बाळाकाकांनी खराटा घेतला होता आणि अण्णा ते सांगतील तिथे पाणी मारत होते. ओटा लख्ख झाला. ऋजुता दारात उभी राहून बघत होती, हसत होती, आणि रडतही होती. गौरवने विचारलं, "वहिनी, सोडवू का?" तर ती म्हणाली, "खबरदार!"

*

ऑडिट दुपारपर्यंत चाललं. औषधाच्या पाण्याने ओटा आणि टेबल पुन्हा धुऊन, वाळवून, मग आंबा आत आला. अक्षयाने सगळं बघितलं, दोन्ही घरांच्या बागांत फिरून आली, आंबा भरणाऱ्या बायकांशी बोलली. शेवटी तिने बॅग आवरली.

"पास," ती ऋजुताला म्हणाली. "तुमचा तपासनीस आईलाही थांबवू शकतो, हे मी स्वतः बघितलंय. बाकी गटांत मला ते कागदावरच बघायला मिळतं. एक सुधारणा लिहिली आहे. दारासमोर पाणी साचतं, उतार बदलायचा. पुढच्या हंगामाआधी."

ऋजुताने तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि पळतच घरात आली. स्वयंपाकघरात मथुराकाकूंनी कधीच ताबा घेतला होता. पानं मांडली होती, कोवळ्या फणसाची भाजी, भात, कोकमाचं सार. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते, बाळाकाका अण्णांच्या धोतरात, कारण त्यांची विजार दोरीवर वाळत होती.

"पास झालो!" ऋजुता म्हणाली. "सगळ्या बागा, पॅकहाऊस, सगळं! फक्त ओट्याचा उतार बदलायला सांगितलाय."

गौरवने टाळी वाजवली. बाळाकाकांनी विजयी मुद्रेने थोरल्या भावाकडे बघितलं. अण्णा भात कालवत राहिले. बराच वेळ कालवत राहिले.

"बाळा," ते पानाकडे बघतच म्हणाले, "आंबा उतरला की तो ओटा फोडायचाय. नवा घालायचा. उतार चिकूच्या बाजूला देऊ."

बाळाकाकांनी घास खाली ठेवला. "सांगतोयस, की विचारतोयस?"

मथुराकाकूंच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

"विचारतोय," अण्णा म्हणाले.

बाळाकाकांनी मान हलवली. त्यांनी सार ओरपलं. मग म्हणाले, "गवंडी मी आणणार."

"आण."

"आणि मी सांगेन तसा घालायचा."

"तेवढं नाही हां!" अण्णा म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले दोघं. मथुराकाकूंनी डोळे पुसले आणि कुणाला न विचारता दोघांच्याही पानात भात वाढला.